अर्धे कोयते जोडणारी आज्ञावली

एक नवरा अधिक एक बायको, बेरीज किती?

घाईनं दोन म्हणू नका. आमच्या बीड जिल्ह्यात, ऊसतोडीच्या कामात, या बेरजेचं उत्तर एक येतं. त्या एकाला 'कोयता' म्हणतात. नवरा ऊस तोडतो, बायको तोडते, मोळ्या बांधते, डोक्यावरून गाडीत चढवते, परत येऊन भाकरी थापते, आणि दोघांचा मिळून कोयता होतो एक. टोळीत माणसं किती, असं कुणी विचारत नाही. कोयते किती, असं विचारतात. ज्याला किंवा जिला जोडीदार नाही, तो अर्धा कोयता. मग ते माणूस दोन्ही हातापायांनी कितीही अख्खं असो.

हे गणित मी लहानपणापासून ऐकत होते. त्याचा खरा संताप आला तो मात्र कॉम्प्युटरसमोर बसल्यावर, कारण हे गणित यंत्राला शिकवायचं काम माझ्याकडे आलं.

मी प्रोग्रॅम लिहिते. असली कामं पुण्यात काचेच्या इमारतीत होतात असा लोकांचा समज आहे. माझं काम तेलगावच्या रस्त्यावर पत्र्याच्या एका गाळ्यात होतं. एका बाजूला ठिबकच्या नळ्यांचं दुकान, दुसऱ्या बाजूला भजी. आमच्या पाटीवर लिहिलेलं: झेरॉक्स, लॅमिनेशन, ऑनलाइन फॉर्म. आणि सगळ्यात खाली, रंगाऱ्याकडे जागा उरली म्हणून, सॉफ्टवेअर. ते सगळ्यात खालचं म्हणजे मी.

मालक सतीशदादा. माणूस मनानं मोठा, पण गिऱ्हाईकाला 'नाही' म्हणायचा अवयव त्याच्या अंगात बसवायचाच राहून गेलेला. मी त्याच्या उलट. आमच्या घरी पुस्तकं थोडी आणि पत्रकं फार. वडील प्रत्येक मोर्च्याला जायचे आणि वाटून उरलेली पत्रकं घरी आणायचे. त्यांच्या पाठकोऱ्या बाजूवर मी बाराखडी गिरवली आणि छापील बाजूवर वाचायला शिकले. त्यामुळे मला साधं वाक्य जमायच्या आधी 'मिळालंच पाहिजे' हे वाक्य जमत होतं.

अशा गाळ्यात एके दिवशी नामदेव मुकादम आले. मुकादम म्हणजे कारखाना आणि मजूर यांच्या मधला माणूस. कोणी कुठल्या गाडीत बसायचं, कुठल्या कारखान्यावर जायचं, हे तो ठरवतो. पांढरे कपडे, दोन मोबाईल, आणि दोन्हींवर एकाच वेळी बोलायची हातोटी.

"मॅडम," ते म्हणाले, "आपली टोळी मोबाईलमधी आणा. डोक्यात लई कोयते झालेत."

मी कागद घेऊन बसले. कोयत्याचं नाव, वस्ती, मुलं, गाडी, येणार की नाही. मुकादम भराभर सांगत गेले. मी विचारलं, "आण्णा, बाईचं नाव कुठं लिहायचं?"

"कुठल्या बाईचं?"

"कोयत्यातल्या."

त्यांनी सतीशदादाकडं पाहिलं. ही पोरगी तुझीच का, अशा नजरेनं. "मॅडम, भगवान म्हनलं की भगवानची बायको आलीच की त्यात. बैल लिवला की शेपूट निराळं लिवता का तुमी?"

मी उभी राहिले. भाषण तोंडाशी आलं होतं. सतीशदादानं घाईघाईनं चहा मागवला. आमच्या गाळ्यातली क्रांती नेहमी चहापाशीच थांबायची.

निषेध मी नोंदवला, पण कोडमध्ये. प्रोग्रॅम लिहिताना मधे आपल्यापुरती टीप लिहून ठेवता येते, ती यंत्र वाचत नाही. मी लिहिलं: 'आमची मागणी: प्रत्येक बाईला स्वतःचा रकाना मिळालाच पाहिजे.' यंत्रानं ती वाचली नाही. त्या बाबतीत ते मुकादमावर गेलं होतं.

आता माझा धंदा थोडक्यात सांगते, कारण पुढचा सगळा गोंधळ त्याशिवाय कळणार नाही. एका लांब फळीवर मसाल्याचे डबे ओळीनं मांडलेत असं समजा. प्रत्येक डब्यात सारख्याच वाट्या. एका वाटीत नाव, एकीत वस्ती, एकीत मुलं, एकीत 'येणार' किंवा 'येणार नाही'. आमच्या भाषेत डब्याला ऑब्जेक्ट म्हणतात आणि फळीला लिस्ट. यादीत बदल करायचा म्हणजे फळीच्या एका टोकाकडून निघायचं, डबा उघडायचा, ठरवलेल्या वाटीत पाहायचं; आपल्याला हवं ते दिसलं तर दुसऱ्या वाटीतला माल बदलायचा, झाकण लावायचं, पुढं जायचं. हवं ते नसेल तर हात न लावता पुढं जायचं. बस. यासाठी माणसं इंजिनियर होतात.

मेख आहे ती 'हवं ते' या दोन शब्दांत. डबा ओळखायचा कशावरून? आणि एक सापडल्यावर थांबायचं, की शेवटपर्यंत जायचं? थांबलात तर पुढचे राहतात. शेवटपर्यंत गेलात तर भलतेही सापडतात. यंत्राला लाज, ओळख, भावकी, भांडण यातलं काही कळत नाही. तुम्ही जी अट घातली ती त्याला कळते, आणि ती ते इतक्या इमानदारीनं पाळतं की आपल्यालाच घाम फुटतो.

पहिला घाम भगवानमुळे फुटला.

दिवाळी जवळ आली होती. टोळ्या निघायच्या बेतात होत्या. मुकादमांचा फोन आला: "मॅडम, भगवान येत न्हाई. गडी पुण्याला वॉचमन म्हनून गेला. करा त्याला 'येणार नाही'."

मी केलं. कारण म्हणून 'पुण्यात' असंही लिहिलं. अट: नाव भगवान. पहिला सापडला की थांब.

वस्तीचं आडनाव मी सांगत नाही. सांगून उपयोगही नाही, सगळ्या वस्तीचं एकच आहे. आणि भगवान तिथं दोन.

दुसऱ्या दिवशी गाळा उघडतोय तोवर एक दणकट माणूस आत आला आणि सतीशदादाच्या टेबलावर मोबाईल आपटला. "मी येत न्हाई असं कोन म्हनलं बे?"

"काय झालं, काका?"

"पीठ दळून, पत्र्याची पेटी बांधून बसलोय मी. आन तुजा मोबाईल म्हनतो मी पुण्यात हाय! मी पुण्यात हाय का? बघ की माज्याकडं!"

सतीशदादानं त्यांच्याकडं पाहिलं. मग स्क्रीनकडं पाहिलं. मग धंद्याला जागून म्हणाला, "काका, सिस्टीमला तर पुणेच दाखवतंय."

मी मधे पडले म्हणून मोबाईल वाचला.

वस्तीनं हे कोडं केव्हाच सोडवलेलं होतं. मोबाईल टॉवरजवळ राहतो तो टावरचा भगवान, विहिरीजवळचा तो हिरीचा भगवान. वस्तीवरच्या शेळ्यासुद्धा त्यांच्यात गल्लत करत नव्हत्या. मी प्रत्येक डब्यात 'ओळख' नावाची एक वाटी वाढवली आणि अट बदलली: नाव भगवान आणि ओळख हिरीचा. टावरचा भगवान पुण्याहून परत आला. हिरीचा भगवान गेला.

सगळं बरोबर झालं. इतकं बरोबर, की त्यात एक बाई आणि एक पोरगी वाहून गेली.

दोनच दिवसांनी एक बाई गाळ्यात आली. बरोबर शाळेच्या गणवेशातली मुलगी. बाई उंबऱ्यातच उभी राहिली. मुलगी मात्र आत येऊन पाटीवरची अक्षरं मोठ्यानं वाचू लागली. 'लॅमिनेशन'पाशी अडखळली, मागं आली, पुन्हा वाचलं आणि बरोबर म्हटलं.

"ताई, कोयत्याची यादी तुमीच काढता?"

"मीच."

"मी हिरीच्या भगवानची. कौसाबाई म्हनत्यात. ही मनीषा, पाचवीला हाय. आमी यादीत कावून न्हाई?"

मी सांगितलं, भगवान येणार नाही म्हणून मुकादमांनीच कळवलंय.

"तो न्हाई येत. तो गेला, जाऊ द्या. मी चाललेय की. टावरच्या भगवानचीच बहीन येती सोबतीला, तिचं बी नाव यादीत न्हाई. मुकादम म्हनतो, गाडी निगायच्या दिवशी हजर ऱ्हा. आन गुरुजी म्हनत्यात, यादीत तुमचा कोयता न्हाई, मंजी तुमी गावातच हात, मंग पोरीला घरी जेवू घाला. मी घरी हाय का फडावर हाय, तेवढं सांगा."

टोळ्या गेल्या की मागं राहणाऱ्या मुलांसाठी शाळेत जेवणाची सोय होते. मुलं आजीकडं नाहीतर चुलतीकडं झोपतात, शाळेत जेवतात, आणि त्यांचा वर्ग बुडत नाही. त्यासाठी घरचं माणूस फडावर, म्हणजे ऊसतोडीला, चाललंय याचा कागद लागतो. आमच्या प्रोग्रॅममधून निघालेली यादी मुकादम शाळेत द्यायचे, आणि गुरुजी तिच्यावरून ताटं मोजायचे. गुरुजींचं काही चुकत नव्हतं. "यादीत नाव आणा, त्याच दिवशी ताट वाढतो," असं त्यांनी कौसाबाईला सांगितलंही होतं.

"आणि नाव नाही आलं तर?"

"तर काय, संगं नेते. सासू अंथरुनाला खिळलीय, तिचंच दुसऱ्याला बगावं लागतंय. पोरीला जेवायला कोन घालनार?" कौसाबाईनं पदर खोचला. "एकदा फडावर गेलेलं पोरगं परत वर्गात नीट बसत न्हाई, ताई. मी बसले न्हाई."

मनीषानं 'सॉफ्टवेअर' वाचून संपवलं होतं.

म्हणजे झालं होतं काय? नवरा आणि बायको एकाच डब्यात होते. डब्यावर नाव नवऱ्याचं. नवऱ्यासाठी डबा बंद केला तेव्हा आत बायकोपण होती, हे यंत्राला कुणी सांगितलंच नव्हतं. बैल गेला आणि शेपूट माझ्यासमोर उभं राहून विचारत होतं, मी हाय का न्हाई.

मी मुकादमांना फोन लावला, स्पीकरवर.

"टाका की अर्धा कोयता तिचा," ते म्हणाले. "भगवानच्या नावानं."

"भगवान पुण्यात आहे, आण्णा. जो ऊस तोडणार, त्याचं नाव नको का?"

"मंग काय तिच्या नावानं टाकता? तिच्या नावानं तिला कोन वळखतं?"

"मी ओळखते," मी म्हणाले. "समोरच उभी आहे."

पलीकडं दुसरा मोबाईल वाजत होता, म्हणून मी जिंकले. "टाका बाई काय टाकायचं ते! पर एक ऐका. अर्ध्याला कारखान्यावर कोपी मिळत न्हाई." कोपी म्हणजे पाचटाची झोपडी, कोयत्याला एक. "एका वस्तीचे, एका भावकीचे दोन अर्धे दिसले की जोडून एक करा. आमी नेहमी तसंच करतो."

खरंच तसं करायचे. दोन बहिणी, आई आणि मुलगा, असे अर्धे जोडून एक कोयता व्हायचा. मुकादम ते डोक्यात करत, आणि जोडताना कोण कुणाशी बोलतं, कोणाचं कुणाशी वाकडं आहे, हे न आठवताच त्यांच्या लक्षात असायचं. मला त्यांनी सांगितली ती फक्त अट. मी फक्त अट लिहिली: कोयता अर्धा, वस्ती एक, आडनाव एक, तर जोड. आणि या वेळी पहिल्या सापडलेल्यापाशी थांबू नकोस, फळीच्या टोकापर्यंत जा.

आडनाव एक! सगळ्या वस्तीचं एकच आडनाव आहे हे मी थोड्या वेळापूर्वी तुम्हाला ऐटीत सांगितलं. स्वतःला सांगायचं राहिलं.

कौसाबाईचं नाव घातलं, जोडणी चालवली, आणि यादी बदलल्याबरोबर ती टोळीच्या ग्रुपवर आपोआप गेली. ही आपोआपची सोय सतीशदादानं हौसेनं करून घेतली होती. मी कौसाबाईला म्हणाले, "झालं काम, उद्या कागद घेऊन जा," आणि समाजासाठी काही केल्याच्या समाधानात घरी गेले.

सकाळी गाळ्यात सगळ्यात आधी आल्या गयाबाई. साठीच्या, कडक, हातात कोयता. खरा, लोखंडी. त्यांना पुढं धार लावायला जायचं होतं हे नंतर कळलं. सतीशदादाला ते तेव्हा कळलं नाही, म्हणून तो झेरॉक्स मशीनच्या मागं जाऊन वाकून काहीतरी शोधू लागला.

"कोन हाय ती, जिनं माजं लगीन लावलं?"

मी मोबाईल पाहिला. यादीत स्वच्छ लिहिलं होतं: 'कोयता: दगडू व गयाबाई. कोपी: एक.'

दगडूआबा हे वस्तीवरचे विधुर. त्यांचं आणि गयाबाईचं शेत लागून. बांधावरून भांडण इतकं जुनं की मुळात बांध कुणी सरकवला हे आता बांधालाही आठवत नसेल. बोलणं बंद, वाट वेगळी, गाडीतही एक पुढं बसणार तर दुसरं मागं. माझ्या यंत्रानं दोघांना एका झोपडीत घातलं होतं.

तेवढ्यात आबाच आले. टोपी सारखी केली, उंबऱ्यात थांबले आणि सौम्यपणे म्हणाले, "माजं तसं काई म्हननं न्हाई, माय. पर इचारायचं तरी."

"तू गप रे बांधकोऱ्या!" गयाबाई कडाडल्या.

"बगा," आबा मला म्हणाले, "लई वर्सांनी बोलली."

मी माफी मागायला तोंड उघडलं आणि दारात मोटारसायकल थांबली. मुकादम चालवत होते. मागं त्यांची बायको, वत्सलाकाकू. मुकादमांच्या हातात आज एकही मोबाईल नव्हता. दोन्ही होते ते काकूंच्या हातात.

"वाच," काकूंनी एक माझ्यासमोर धरला. "मोठ्यानं वाच, सगळ्यांना ऐकू दे."

मी वाचलं. "कोयता: नामदेव व कौसाबाई. मूल: मनीषा. कोपी: एक."

आधी मलाच कळेना. मग कळलं. गाडीच्या केबिनमध्ये आपली जागा राखायला मुकादमांनी स्वतःलाही यादीत घालून ठेवलं होतं, आणि तेही अर्धा कोयता म्हणून. वस्ती एक. आडनाव एक. यंत्रानं जोडलं. जोडताना कौसाबाईच्या डब्यातली मुलांची वाटी नामदेवांच्या डब्यात ओतली, कारण वाटी सांडायची नाही अशी अट मीच घातली होती.

"अगं ते मशीननं केलंय," मुकादम म्हणाले.

"मशीनला कसं सुचलं बरं? गावात एवढे गडी असताना तुमालाच कावून जोडलं? आन पोरगी बी पाचवीतली!"

"मॅडम, सांगा की तिला!"

मी सांगू लागले. डबे, वाट्या, अट. काकूंनी सगळं ऐकून घेतलं. हे अर्धे, हे पूर्ण, हे जोडलेले. मग एकदम म्हणाल्या, "मला दाव, मी कुठं हाय."

मी शोधलं. वत्सला. काहीच सापडलं नाही. नावाची वाटी पालथी घातली, ओळखीची घातली. सगळी फळी रिकामी.

"न्हाई?" काकू नवऱ्याकडं वळल्या. "गाडी निगायच्या दिवशी सगळ्या टोळीच्या भाकरी कोन थापतं? फडावर कुनाचं लेकरू तापलं तर तुमच्या फोनवर रातभर कोन बोलतं? ही कौसा अर्धी तरी हाय. मी अर्धी बी न्हाई!"

"भाकरी मातर पुऱ्या असत्यात," दगडूआबा म्हणाले.

कौसाबाई मनीषाला घेऊन कागद न्यायला आली ती नेमकी यावेळी. तिनं गर्दी पाहिली आणि परत फिरायला लागली. वत्सलाकाकूंनी तिला हाताला धरून आत घेतलं आणि शेजारी बसवलं. मला वाटलं आता हिची खैर नाही.

"बस," काकू म्हणाल्या. "तुजं काई न्हाई यात. कौसाला कागद पायजे आन मला जागा पायजे. नीट करा सगळं. मी बसलेय इथंच." आणि दोन्ही मोबाईल पिशवीत टाकून पिशवीवर बसल्या.

मोबाईल नसलेला मुकादम फार लवकर वाटाघाटीला येतो. संघटनेच्या मंडळींनी हे ध्यानात ठेवावं.

"बरं, काय करायचं म्हनता?" त्यांनी मला विचारलं.

माझं भाषण कित्येक दिवसांपासून तयार होतं. पण प्रत्यक्षात बोलले एवढंच: एका माणसाला एक डबा. डब्यावर एक नंबर, जो दुसऱ्या कुणाचा नाही आणि कधी बदलत नाही. कोयता म्हणजे डबा नव्हे. कोयता म्हणजे दोन नंबरांना बांधलेला दोरा. दोरा सोडला तर दोन्ही डबे जागेवर राहतात. आणि यंत्रानं कुठलाही बदल करायच्या आधी, मी अमुक अमुक डबे उघडतोय, उघडू का, असं वस्ती ओळखणाऱ्या माणसाला विचारायचं.

"मानसाला नंबर?" मुकादम बिथरले. "गुरं हायत का आमी?"

"नंबर यंत्राला ओळखायला, आण्णा. माणसाला नाव आहेच. फक्त ते लिहायला पाहिजे."

"लिवा," काकू पिशवीवरून म्हणाल्या. "माज्यापासून सुरू."

काकूंनी फोन करून बायका बोलावल्या. गाळा भरला, भजीवाल्याचा बाक आत आला. मी एकेकीला विचारत होते, 'नाव?' आणि उत्तर येत होतं, 'अमक्याची.' पुन्हा विचारलं की हसू. तिसऱ्यांदा विचारलं की शेजारणीकडं बघून, पदर तोंडाला लावून, हळूच नाव. चार भिंतींत ठेवलेली वस्तू बाहेर काढावी तसं. मी इतक्या घोषणा ऐकल्या आणि दिल्या आहेत, पण त्या बाकावरचा नावांचा आवाज मला जास्त मोठा वाटला.

गयाबाईंना दबकण्याची सवय नव्हती. "लिव्ह, गयाबाई. आन जोडी, न्हाई. ठळक लिव्ह."

दगडूआबांना विचारलं, "आबा, जोडी? नाही लिहू?"

आबांनी बाकाकडं चोरून पाहिलं. "रिकामं ठेव, माय. रिकामं मंजी न्हाई न्हवं."

आमच्या धंद्यातही या दोन वेगळ्या गोष्टी असतात. मी रिकामं ठेवलं. गयाबाईंनी कोयत्याची धार अंगठ्यानं पाहिली आणि कोयता बाकाखाली ठेवला.

सगळ्यात शेवटी कौसाबाई. जिच्याशी तिचा दोरा बांधायचा होता ती टावरच्या भगवानची बहीण आधीच नाव सांगून बसली होती.

"नाव कौसाबाईच ना?" मी लिहायलाच लागले होते.

"थांबा." ती बाकावरून उठून टेबलाजवळ आली. "कौसल्या लिवा. शाळेत गेलते थोडे दिस, तवा गुरुजीनं तेच लिवलं व्हतं. लगीन झाल्यावर एवढं लांब कोन म्हनतंय?"

मनीषानं पाटीवरची नजर काढली. "आई, तुजं नाव कौसल्या हाय?"

"हाय की."

"मला कावून सांगितलं न्हाई?"

"तू कवा इचारलं?"

मनीषानं माझ्या हातातून पेन घेतलं आणि टेबलावरच्या रद्दी झेरॉक्सवर ते नाव लिहून बघितलं. मग खुर्चीच्या मागं उभी राहून स्क्रीनवर मी ते बरोबर टाइप करतेय का हे बघत राहिली.

मी बदल चालवला. यंत्रानं नव्या नियमाप्रमाणे विचारलं: एक नोंद सापडली आहे, बदलू? मी ते मुकादमांना वाचून दाखवलं. त्यांनी कौसाबाईकडं पाहिलं, बायकोकडं पाहिलं. "बदला," म्हणाले.

कागद घेऊन आम्ही शाळेत गेलो. गुरुजींनी तो वाचला आणि सवयीनं विचारलं, "आणि वडिलांचं नाव?"

"फडावर मी चाललेय," कौसाबाई म्हणाली. "जो चाललाय त्याचं नाव लिवलंय."

गुरुजींनी चष्मा वर केला, पुन्हा वाचलं आणि जेवणाच्या वहीत मनीषाचं नाव घातलं. पालकाच्या रकान्यात कौसल्या. मनीषा त्याच दुपारी पंगतीत बसली आणि आईची गाडी निघाली तेव्हा वर्गात होती. कौसाबाईनं तिला निरोपाला येऊ दिलं नाही. "येशील तर वर्ग बुडंल," एवढंच म्हणाली.

हे सगळं जिंकल्यासारखं वाटतं. तसं नाही. आमच्या यादीत प्रत्येक बाईला डबा आहे, पण कारखान्याकडे जाताना ती यादी त्यांच्या नमुन्यात बसवावी लागते, आणि त्या नमुन्यात कोयत्याला आजही एकच नावाची जागा आहे. दर हंगामाला मी माझ्याच हातानं वेगळे केलेले डबे पुन्हा एकमेकांत घालते, आणि कोडमध्ये तीच मागणी पुन्हा लिहून ठेवते. टावरचा भगवान अजून दुकानात आला की आधी विचारतो, "मी आज कुठं हाय?"

तुम्हा वाचकांपैकी बहुतेकांच्या हाताखाली कुठली ना कुठली यादी असणार. बचतगटाची, सोसायटीची, शाळेची, पाणीपट्टीची, देवळाच्या वर्गणीची. दिवाळीचा फराळ संपायच्या आत एक काम करा. ती यादी उघडा आणि जिच्या जागी नवऱ्याचं नाव आहे अशी पहिली बाई शोधा. नाव अंदाजानं भरू नका, शेजाऱ्याला विचारू नका, तिच्या नवऱ्याला तर मुळीच नको. तिच्या दारात जा, बसा, आणि तिलाच विचारा, "तुमचं नाव काय लिहू?" ती आधी नवऱ्याचं सांगेल. तेव्हा उठू नका. पुन्हा विचारा.